सगळ्या चाचण्यांत पास झालेलं औषध परत का मागवतात?

बातमी साधारण अशी असते: रक्तदाबाच्या अमुक गोळ्यांच्या काही बॅचेस बाजारातून परत मागवल्या, त्यांत कर्करोगाला कारण ठरू शकणारं रसायन सापडलं. बातमीत कंपनीचं नाव असतं, वाचताना जीभ अडखळेल असं एक रसायन असतं आणि शेवटी 'खबरदारीचा उपाय म्हणून' हे ठरलेले शब्द असतात. तीच गोळी रोज सकाळी घेणाऱ्या माणसाच्या मनात मात्र दोनच प्रश्न येतात. आजची गोळी घेऊ की नको? आणि इतकी वर्षं घेतल्या त्यांचं काय?

या दोन्ही प्रश्नांकडे येऊच, पण त्यांच्या आधी एक तिसरा प्रश्न सोडवावा लागतो. ती बॅच कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तपासलेली होती आणि सगळ्या चाचण्यांत पास झालेली होती. मग त्यात हे रसायन राहिलं कसं? त्याचं उत्तर कळलं की पुढच्या प्रत्येक बातमीत काय बघायचं ते आपोआप कळतं.

गोळीत औषधाखेरीज काय असतं

गोळीत एक मूळ औषधी घटक असतो. त्याच्याबरोबर गोळीला आकार देणारे, ती बांधून ठेवणारे, पोटात विरघळवणारे असे निरुपद्रवी पदार्थ असतात. या दोन्हींखेरीज जे काही गोळीत उरतं त्याला अशुद्धी म्हणतात. कच्च्या मालाचा शिल्लक अंश, बनवताना वापरलेल्या द्रावकाचा मागमूस, मुख्य अभिक्रियेशेजारी नकळत घडलेल्या दुसऱ्या अभिक्रियेचं उत्पादन, किंवा साठवणुकीत औषधच हळूहळू विघटित होऊन तयार झालेलं काहीतरी.

शंभर टक्के शुद्ध गोळी जगात कुठेही बनत नाही. म्हणून प्रत्येक औषधाच्या मानकात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणकोणत्या अशुद्धी शोधायच्या आणि प्रत्येकीची कमाल मर्यादा किती. एका वेळी, एकाच मालातून, एकाच पद्धतीने बनवलेल्या गोळ्यांचा गट म्हणजे बॅच. बॅचचा नंबर पट्टीवर छापलेला असतो, आणि रिकॉल म्हणजे औषध परत मागवणं बहुतेक वेळा या नंबरावरच होतं. 'अमुक गोळी परत मागवली' असं बातमी म्हणते तेव्हा प्रत्यक्षात त्या गोळीच्या ठरावीक बॅचेस परत मागवलेल्या असतात. त्याच नावाची दुसरी बॅच शेजारच्या खोक्यात अगदी नीट असू शकते.

वल्सार्टनमध्ये काय घडलं

जुलै २०१८ मध्ये युरोपात आणि मग अमेरिकेत वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाचे रिकॉल सुरू झाले आणि काही आठवड्यांत ते वीसहून अधिक देशांत पोचले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच वेळी परत जात होत्या. कारण सगळ्यांचा मूळ औषधी घटक एकाच ठिकाणाहून येत होता: चीनमधली झेजियांग हुआहाई ही कंपनी. गोळीवर ज्याचं नाव असतं तो पुष्कळदा घटक विकत घेऊन गोळी बनवणारा असतो. म्हणूनच एका कारखान्यातली चूक डझनभर नावांखाली जगभर फिरू शकते.

ही चूक जवळून बघण्यासारखी आहे. वल्सार्टनच्या रेणूत पाच अणूंचं एक कडं असतं, त्यात चार अणू नायट्रोजनचे. हे कडं बनवायला अझाइड नावाचं रसायन लागतं. काम झाल्यावर उरलेलं अझाइड धोकादायक असतं, त्यामुळे ते नष्ट करावं लागतं. त्यासाठी सोडियम नायट्राइट आणि आम्ल घालतात. इथपर्यंत ठीक. पण हुआहाईने जास्त उत्पादन मिळावं म्हणून पद्धत बदलली होती आणि नव्या पद्धतीत डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक वापरलं होतं. या द्रावकाचा थोडा भाग फुटून डायमिथाइलअमाइन तयार होतं. ते नायट्राइटला भेटलं की एनडीएमए तयार होतं.

एनडीएमए हे नायट्रोसअमाइन कुळातलं रसायन. १९५६ साली ब्रिटनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी ते उंदरांना खाऊ घातल्यावर यकृतात गाठी होतात हे दाखवून दिलं, तेव्हापासून या कुळावर संशोधकांची नजर आहे. म्हणजे रसायन अनोळखी नव्हतं. अमाइन आणि नायट्राइट एकत्र आले की ते बनतं हेही रसायनशास्त्राच्या पुस्तकात होतं. फक्त या कारखान्यात, या टप्प्यावर, हे दोघे एकमेकांना भेटतील असा विचार पद्धत बदलताना कोणी केला नाही. नव्या पद्धतीला २०१२ मध्ये मंजुरी मिळाली आणि सहा वर्षं गोळ्या जात राहिल्या.

मग तपासणीत ते दिसलं का नाही?

औषधाची तपासणी म्हणजे काय याची आपली कल्पना थोडी भोळी असते. नमुना यंत्रात घातला की त्यात काय काय आहे याची यादी बाहेर येते, असं वाटतं. प्रत्यक्षात हे काम फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखं चालतं. त्याच्या हातात काही फोटो दिलेले असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तो त्या फोटोंशी जुळवून बघतो. फोटोतला माणूस आला तर तो नक्की अडवतो. फोटो नसलेला चोर मात्र त्याच्या समोरून, त्याला नमस्कार करून, आत जातो.

वल्सार्टनच्या मानकात एनडीएमएचा फोटो नव्हता. ते तिथे असेल अशी शंकाच नसल्यामुळे ते शोधणारी पद्धतही लिहिलेली नव्हती. शिवाय प्रमाण इतकं कमी होतं की नेहमीच्या पद्धतींना ते सहज दिसतही नाही. त्यासाठी रेणूचं वजन मोजून त्याची ओळख पटवणारं, बरंच संवेदनशील यंत्र लागतं.

सापडलं ते वेगळ्याच वाटेने. जून २०१८ मध्ये हुआहाईकडून माल घेणाऱ्या एका कंपनीला शिल्लक द्रावकाच्या चाचणीत एक अनोळखी शिखर दिसलं. या चाचणीत मिश्रणातले पदार्थ एकेक करून यंत्रातून बाहेर पडतात आणि प्रत्येकाचा कागदावर एक उंचवटा उमटतो, त्याला शिखर म्हणतात. हा उंचवटा कोणत्याच ओळखीच्या पदार्थाचा नव्हता. त्याचा माग काढला तेव्हा एनडीएमए हाती लागलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कंपनीला पाठवलेल्या ताकीदपत्रात अनोळखी शिखरांची नीट चौकशी न केल्याचा ठपका होता. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात गंभीर वाक्य तेच. अपघात कोणाच्याही कारखान्यात होऊ शकतो. पण कागदावर उमटलेलं शिखर यंत्राची गडबड समजून सोडून देणं हा अपघात नव्हे.

अशी फसवणूक उलट दिशेनेही झालेली आहे. २००८ मध्ये रक्त पातळ करणाऱ्या हेपारिन इंजेक्शनच्या रिकॉलमागे जो भेसळीचा पदार्थ निघाला, त्याची रासायनिक घडण हेपारिनशी इतकी मिळतीजुळती होती की त्या वेळच्या ठरलेल्या चाचण्या तो सरळ पास होत होता. रुग्णांना अचानक रक्तदाब कोसळण्याचे आणि ॲलर्जीसारखे झटके येऊ लागले, काहींचे मृत्यू झाले, तेव्हा कुठे तो शोधला गेला. त्यानंतर हेपारिनच्या चाचण्याच बदलल्या.

९६ नॅनोग्रॅम हा आकडा आला कुठून

एनडीएमएसाठी एफडीएने दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. वल्सार्टनची सर्वांत मोठी गोळी ३२० मिलिग्रॅमची. त्या हिशोबाने दहा लाख भागांत ०.३ भाग एवढंच एनडीएमए चालतं. परत मागवलेल्या काही गोळ्यांत ते १५ मायक्रोग्रॅमहून (म्हणजे १५,००० नॅनोग्रॅमहून) जास्त निघालं, म्हणजे मर्यादेच्या दीडशे पटीपेक्षाही अधिक.

दीडशे पट हा शब्द ऐकून दचकायला होतं, म्हणून मर्यादा कशी काढतात ते एकदा पाहू. गणित शाळेतलंच आहे.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून एक मात्रा काढतात: आयुष्यभर रोज दिली तर निम्म्या प्राण्यांना गाठी होतील अशी. एनडीएमएसाठी ती शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.०९६ मिलिग्रॅम आहे. निम्मे म्हणजे लाखात ५०,०००. आपल्याला माणसांत हा धोका लाखात एकापर्यंत खाली आणायचा आहे, म्हणून मात्रेला ५०,००० ने भागायचं. आलेल्या उत्तराला ५० किलो वजनाने गुणायचं. उत्तर येतं ०.००००९६ मिलिग्रॅम, म्हणजेच ९६ नॅनोग्रॅम.

या गणितात दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही मुद्दाम कडक आहेत. पहिलं, माणूस ही मात्रा रोज, सत्तर वर्षं घेणार. दुसरं, मात्रा जितकी कमी होईल तितकाच धोका सरळ रेषेत कमी होईल. शरीर पेशींमधली छोटी पडझड स्वतः दुरुस्त करत असतं, याची सूट इथे दिलेली नाही. म्हणून ९६ च्या अलीकडे सुरक्षित आणि ९७ ला विष असा हा आकडा वाचायचा नसतो. यापेक्षा कमी असेल तर सत्तर वर्षांतही जादा धोका लाखात एकाहून कमी राहील, इतकंच तो सांगतो. मर्यादा ओलांडली म्हणजे ही हमी संपली. धोका किती वाढला ते 'किती पट, किती दिवस' यावर ठरतं.

पण कर्करोगाचं रसायन एक कणभर तरी का चालवून घ्यायचं?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावनिक उत्तर देऊन भागत नाही. एनडीएमए औषधाबाहेरही असतं. खारवून टिकवलेल्या मांसात असतं, काही पेयांत असतं, जंतुनाशक घातलेल्या पाण्यात तयार होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १०० नॅनोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. शून्याची अट घातली तर पाणीसुद्धा पास होणार नाही. शिवाय शून्य म्हणजे यंत्राला दिसलं नाही इतकंच. यंत्रं दर काही वर्षांनी अधिक बारीक बघायला लागतात, त्यामुळे कालचं शून्य आज शून्य राहत नाही.

'पाण्यातही असतं, मग गोळीत असलं तर बिघडलं कुठे' ही दुसऱ्या टोकाची पळवाट मात्र मला मान्य नाही. पाण्यातलं टाळणं अवघड असतं. गोळीतलं पद्धत बदलून टाळता येतं. आणि गोळी वर्षानुवर्षं रोज घेतली जाते, तीही डॉक्टरांवर विश्वास ठेवून.

खरी पंचाईत होते ती औषधाला पर्याय नसतो तेव्हा. २०२० मध्ये क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन या औषधात नायट्रोसअमाइन कुळातलंच एक रसायन सापडलं. ठरलेली मर्यादा होती दहा लाखांत ०.१६ भाग. ती काटेकोर पाळली असती तर औषधाचा तुटवडा पडला असता. क्षयरोगाचा उपचार अर्धवट सुटला तर रुग्ण दगावू शकतो, औषधाला न जुमानणारा क्षय पसरू शकतो. एफडीएने तेव्हा तात्पुरती ५ भागांपर्यंतची गोळी चालू दिली. मर्यादेच्या तीसपट. कागदावर हे ढिलाईसारखं दिसतं. पण एका पारड्यात काही महिन्यांच्या गोळ्यांतून येणारा, दूरवरचा, मोजायलाही कठीण असा धोका होता आणि दुसऱ्यात आज छातीत असलेला आजार. मला तो निर्णय बरोबर वाटतो. आणि तो उघडपणे, आकडे सांगून घेतला, हे तितकंच महत्त्वाचं.

सगळे रिकॉल एका तराजूत नको

अमेरिकेत रिकॉलचे तीन वर्ग करतात. गंभीर इजा किंवा मृत्यूची वाजवी शक्यता असेल तो पहिला. तात्पुरती, बरी होणारी इजा किंवा गंभीर इजेची दूरची शक्यता असेल तो दुसरा. इजेची शक्यताच फारशी नसते तो तिसरा, उदाहरणार्थ लेबलवरची किरकोळ चूक. वल्सार्टनचे रिकॉल दुसऱ्या वर्गात होते. बातमीत वर्ग दिलेला असेल तर मथळ्याआधी तो वाचावा.

पहिल्या वर्गाची तीव्रता समजायला डायएथिलीन ग्लायकॉलचं नाव पुरे. हे औद्योगिक द्रावक आहे, चवीला गोडसर, आणि ते मूत्रपिंड निकामी करतं. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलअमाइडचं पातळ औषध बनवताना एका कंपनीने तेच द्रावक म्हणून वापरलं आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्यात बरीच मुलं होती. बाजारात आणण्यापूर्वी औषध सुरक्षित आहे हे दाखवण्याची सक्तीच तेव्हा नव्हती. ती पुढच्या वर्षी, १९३८ च्या कायद्याने आली. आणि तरीही २०२२ मध्ये गांबियात साठाहून अधिक मुलांच्या मृत्यूंशी ज्या खोकल्याच्या औषधांचा संबंध जोडला गेला त्यांत हेच रसायन निघालं. ती औषधं भारतात बनलेली होती. इथे नॅनोग्रॅमचा आणि सत्तर वर्षांचा हिशोब लागूच होत नाही. काही दिवसांत जीव जातो. आणि इथे तपासणीला फोटो नव्हता ही सबबही चालत नाही, कारण हा फोटो ऐंशीहून अधिक वर्षं फाटकावर टांगलेला आहे. पहारेकऱ्याने मान वर करून पाहिलं नाही, इतकंच.

या वर्गवारीपलीकडचा आणखी एक वेगळा प्रकार रॅनिटिडिनचा. आम्लपित्तावरचं हे औषध एके काळी जगात सर्वाधिक खपणाऱ्यांपैकी होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅलिशुअर या खासगी प्रयोगशाळेने त्यात एनडीएमएचे प्रचंड आकडे जाहीर केले. पुढे लक्षात आलं की त्या चाचणीत नमुना १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापत होता आणि त्या उष्णतेने चाचणीतच एनडीएमए तयार होत होतं. कमी तापमानाच्या पद्धतीने मोजल्यावर आकडे खूप खाली आले. कोणालाही वाटेल, संपलं प्रकरण. पण त्या चुकीतच खरी खूण होती. उष्णतेने झटपट बनतं ते साध्या तापमानात हळूहळू बनत असेल का? एफडीएने पाहिलं तर बनत होतं. दिवस जातील तसं वाढत होतं, गरम जागी ठेवलं तर आणखी लवकर. कारण एनडीएमए बनायला लागणारे दोन्ही भाग रॅनिटिडिनच्या रेणूतच आहेत. इथे कोणत्या कारखान्याची बॅच खराब हा प्रश्नच उरला नाही. १ एप्रिल २०२० रोजी एफडीएने सगळ्याच कंपन्यांना हे औषध बाजारातून काढायला सांगितलं.

हे सगळं स्वस्त जेनेरिकमुळे होतं, असं नाही का?

मूळ कंपनीचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्या बनवतात ते जेनेरिक औषध. किमतीची चढाओढ, घटक जिथून स्वस्त मिळेल तिथून घेणं, यांमुळे धोका वाढतो हे नाकारण्यात अर्थ नाही. वल्सार्टनची कहाणीच ती आहे. पण त्यावरून 'महाग नाव म्हणजे शुद्ध' असा निष्कर्ष निघत नाही. २०२१ मध्ये धूम्रपान सोडवणारं चँटिक्स हे औषध फायझर या मूळ कंपनीनेच परत मागवलं, त्यातही नायट्रोसअमाइन होतं. तुटवडा पडू नये म्हणून एफडीएने तिथेही दिवसाला ३७ नॅनोग्रॅमच्या मर्यादेऐवजी तात्पुरते १८५ चालू दिले. आणि रॅनिटिडिनमध्ये दोष रेणूतच होता, तिथे महाग-स्वस्त या भेदाला जागाच नव्हती. २०२० मध्ये मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या रिकॉलमध्ये तर आणखी वेगळा भेद दिसला: हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्यांत एनडीएमए जास्त निघालं, साध्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या त्यातून वाचल्या.

तर मग आजची गोळी घ्यायची का?

बहुतेक वेळा उत्तर आहे: घ्यायची, आणि आजच फोन करायचा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वल्सार्टन घेणाऱ्यांची नोंद संशोधकांनी रिकॉलनंतर तपासली. बहुतेकांना लवकरच दुसरं औषध मिळालं. पण सुमारे दहातल्या एकाने पर्यायी गोळी घेतलीच नव्हती. आणि रिकॉलनंतर लगेचच्या महिन्यात वाढलेल्या रक्तदाबासाठी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं. दूषित गोळीचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. गोळी सोडल्याचा परिणाम दिसायला काही दिवस पुरतात.

म्हणून आधी पट्टी हातात घ्या. औषधाचं नाव, ताकद, बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच नंबर सूचनेतल्या नोंदींशी ताडून बघा. चारही जुळले तरच ती सूचना तुमच्या गोळीबद्दल आहे. पट्टी फाडून डब्यात गोळ्या भरण्याची सवय असेल तर किमान नंबर असलेला तुकडा जपून ठेवा, कारण तो गेला की हा पडताळा करणं अशक्य होतं. नंबर जुळला तर गोळ्या फेकू नका. औषध दुकानदाराला दाखवा, दुसरी बॅच किंवा त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळी मिळते का विचारा. औषधच बदलायचं असेल तर ते डॉक्टरांनी ठरवायचं. सूचनेत 'फक्त घाऊक विक्रेत्यांकडून परत' असं लिहिलेलं असेल तर तुमच्याकडची गोळी परत द्यावी असं कोणी सांगितलेलं नाही, हेही लक्षात घ्या. रिकॉल किती खोलवर करायचा हे धोका पाहून ठरतं.

याला अपवाद पहिल्या वर्गाचा. दूषित इंजेक्शन, जंतू असलेले डोळ्यांचे थेंब, विषारी द्रावकाचं सिरप, भलत्याच औषधाच्या गोळ्या भरलेली बाटली. सूचनेत 'ताबडतोब थांबवा' असं असेल तिथे थांबवायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं.

आणि जुन्या गोळ्यांचं काय?

एफडीएचा अंदाज असा होता: ८,००० माणसांनी दूषित बॅचमधली वल्सार्टनची सर्वांत मोठी मात्रा सलग चार वर्षं रोज घेतली, तर त्यांच्यात आयुष्यभरात कर्करोगाचा एक जादा रुग्ण होऊ शकतो. अमेरिकेत तसंही साधारण तिघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो. म्हणजे त्याच ८,००० माणसांत अडीच हजारांहून अधिक रुग्ण मुळातच अपेक्षित असतात, त्यात एकाची भर.

प्रत्यक्ष रुग्णांवरचे अभ्यासही झाले. डेन्मार्कमधल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात एकूण कर्करोगात ठळक वाढ दिसली नाही, मात्र पाठपुरावा काही वर्षांचाच होता. जर्मनीत २०२१ मध्ये वल्सार्टन घेणाऱ्या साडेसात लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. एकूण कर्करोगात फरक नव्हता, यकृताच्या कर्करोगात मात्र दूषित औषध मिळालेल्यांत किंचित वाढ दिसली, सुमारे १६ टक्के. यकृताचा कर्करोग मुळात विरळ, त्यामुळे १६ टक्के वाढ म्हणजे माणसांच्या संख्येत थोडी. आणि अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी १९५६ मध्ये उंदरांच्या यकृतातच गाठी दिसल्या होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या गोळ्या घेतलेल्या एखाद्या माणसाने काय करावं याचं उत्तर मात्र फारसं बदलत नाही: घेतलेल्या गोळ्यांसाठी वेगळी रक्ततपासणी नाही, नेहमीच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि डॉक्टरांकडच्या नोंदीत ही गोष्ट लिहून घ्यायची.

रिकॉल कमी होतील का?

निदान काही काळ तरी नाही, आणि ते वाईट लक्षणही नाही. वल्सार्टननंतर नियामकांनी कंपन्यांना सांगितलं की प्रत्येक औषधाची बनवण्याची पद्धत पुन्हा तपासा, नायट्रोसअमाइन कुठे बनू शकतं ते शोधा. त्यातून कळलं की एनडीएमएसारख्या छोट्या रसायनांखेरीज औषधाच्या रेणूवरच नायट्रोसो गट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंची जोडी) चिकटून तयार होणारी, त्या त्या औषधापुरती वेगळी अशी नायट्रोसअमाइन्सही असतात. चँटिक्समधलं तसलंच होतं. त्यातल्या बहुतेकांवर प्राण्यांचे प्रयोग झालेलेच नाहीत. म्हणून २०२३ पासून रेणूची रचना पाहून त्यांना गटांत टाकतात आणि गटाप्रमाणे मर्यादा ठरवतात. अशा औषधनिहाय नायट्रोसअमाइन्सची तपासणी पुरी करायला एफडीएने १ ऑगस्ट २०२५ ही मुदत सुचवली होती आणि ज्यांचं काम बाकी असेल त्यांनी प्रगती कळवावी असं म्हटलं होतं. शोधणारे वाढले की सापडणारंही वाढतं.

उपाय मात्र वाटतात तितके अवघड नाहीत. गोळी बांधायला वापरतात त्या निरुपद्रवी पदार्थांतही नायट्राइटचा अंश असतो. तो कमी असलेला माल निवडला तरी पुष्कळ फरक पडतो. अमाइन आणि नायट्राइट यांची गाठ पडायला आम्लता लागते, म्हणून गोळीतली आम्लता कमी करता येते. आणि क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, अमाइनच्या आधी नायट्राइटला गाठून ते संपवतं. २०२१ मध्ये एफडीएनेच हा मार्ग कंपन्यांना सुचवला. गोळीतल्या बाकीच्या घटकांत बदल करायचा तर तीच गोळी शरीरात पूर्वीसारखीच शोषली जाते हे पुन्हा दाखवावं लागतं, त्याला वेळ आणि पैसा लागतो. काही औषधं एकदा परत गेली की दुकानात दिसायला महिने लागतात, त्याचं एक कारण हे.